कूलंटचं वय आणि घाटाची चढण

पनवेलमधून गाडी कोणत्याही दिशेनं बाहेर काढा, इंजिनाच्या थंडपणाची परीक्षा ठरलेलीच. कळंबोलीहून द्रुतगती मार्गानं पुण्याकडे निघालं की तासाभराच्या आत बोरघाट लागतो. जवळजवळ समुद्रसपाटीवर असलेलं इंजिन थोड्याच अंतरात सहाशे मीटरहून अधिक उंची चढतं, तेही बहुतेक वेळा भरल्या गाडीनिशी, एसी चालू ठेवून, पुढच्या कंटेनरच्या मागे रखडत. पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागलं तर चढण कमी, पण गणपतीच्या तोंडावर त्याच रस्त्यावर तासन् तास खोळंबा. दोन्हीकडे इंजिनात उष्णता भरपूर तयार होते आणि रेडिएटरला समोरून मिळणारा वारा तुटपुंजा असतो. इंधन जळून जी ऊर्जा निघते तिच्यातली ढोबळमानानं एक तृतीयांशच चाकांपर्यंत पोचते. एक तृतीयांशाच्या आसपास धुरावाटे जाते आणि जवळजवळ तेवढीच कूलंटला वाहून न्यावी लागते. हा भार रोज पेलणाऱ्या द्रवाकडे आपण लक्ष कधी देतो? बॉनेट उघडलं की पांढऱ्या बाटलीवरच्या दोन रेघांमध्ये रंगीत पाणी दिसतं आणि आपण समाधानानं बॉनेट बंद करतो. पातळी बरोबर असणं गरजेचं आहेच, पण ती फक्त द्रव किती आहे ते सांगते. तो अजून कामाचा आहे का, हे तिला सांगता येत नाही. या लेखाचं म्हणणं इतकंच, की आपल्या हवामानात कूलंट त्याच्या वयानुसार बदलावं, नळाच्या पाण्यानं वाढवत राहू नये, आणि काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसाला हा बदल घरी करता येतो. मात्र त्याला एक अट आहे. ती पुढे येईल, आणि मला ती बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते.

पहिला आक्षेप नेहमीचाच असतो: कोकणात कुठे बर्फ पडतो? कूलंट हे थंड मुलखातलं प्रकरण, आपल्याला साधं पाणी पुरे. या आक्षेपात अर्धं सत्य आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. कूलंटचा मुख्य घटक एथिलिन ग्लायकॉल. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं. पनवेलला त्या गुणाचा काडीचा उपयोग नाही. इतकंच नव्हे, उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरसच आहे. मोटार शर्यतींच्या पुष्कळ ट्रॅकवर ग्लायकॉलला बंदी असते, कारण ते सांडलं की रस्ता निसरडा होतो. तिथल्या गाड्या पाणी आणि गंजरोधक द्रव्य यांवरच धावतात. पण या उदाहरणातला ‘गंजरोधक द्रव्य’ हा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. शर्यतीचं इंजिन वरचेवर उघडलं जातं, आपलं इंजिन दहा-पंधरा वर्षं बंद राहतं. त्याच्या आत अॅल्युमिनियमचं हेड, कुठे ओतीव लोखंडाचा ब्लॉक, कुठे पोलाद, तांबं, रबर आणि प्लास्टिक हे सगळं एकाच द्रवात बुडालेलं असतं. वेगवेगळे धातू क्षारयुक्त पाण्यात एकत्र आले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यांतला दुबळा धातू झिजू लागतो. अँबॅसडरच्या काळात जाडजूड लोखंड आणि पितळी रेडिएटर होता, त्यामुळे पाण्यावर निभायचं. पितळी रेडिएटर गळला तर कारागीर डाग देऊन द्यायचा. आजच्या रेडिएटरच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या अतिशय पातळ असतात आणि टोकांना प्लास्टिकच्या टाक्या चापून बसवलेल्या असतात. तिथे एक बारीक छिद्र पडलं की बहुतेक वेळा अख्खा रेडिएटर बदलावा लागतो.

उकळण्याचा मुद्दाही आहेच. रेडिएटरचं झाकण म्हणजे दाब राखणारी झडप असते. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला दिसतो. तो वातावरणाच्या दाबापेक्षा किती जास्त दाब ती धरून ठेवते हे सांगतो. साधारण एक बार जादा दाबाखाली निव्वळ पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि निम्मं-निम्मं मिश्रण १२८ अंशांच्या आसपास. हा सात-आठ अंशांचा फरक सपाट रस्त्यावर जाणवत नाही. घाटात, इंजिनाच्या हेडमधल्या सर्वांत तापलेल्या कोपऱ्यात, तो जाणवतो. तिथे वाफेचा बुडबुडा तयार झाला की त्या जागी धातूला द्रवाचा स्पर्शच होत नाही आणि हेड वाकण्याची सुरुवात तिथूनच होते. झाकणाचं रबर कडक होऊन दाब सुटत असेल तर उत्तम कूलंट भरूनही हा फायदा मिळणार नाही. म्हणून कूलंट बदलताना झाकणाचं रबर तपासावं, आणि ते चिरलेलं असेल तर त्याच क्रमांकाचं नवं झाकण आणावं.

आता वयाकडे येऊ. ग्लायकॉल स्वतः वर्षानुवर्षं टिकतं. संपतात ती त्यातली गंजरोधक द्रव्यं. ती धातूवर पातळ संरक्षक थर धरतात आणि हळूहळू खर्च होत जातात. दुसरीकडे उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांमुळे ग्लायकॉलपासून ग्लायकोलिक, फॉर्मिक यांसारखी आम्लं बनतात. सुरुवातीला अल्कधर्मी असलेला द्रव वर्षागणिक आम्लाकडे झुकतो. लिटमसच्या जातीच्या, पीएच मोजणाऱ्या कागदी पट्टीनं हे घरी पाहता येतं. पट्टी सातच्या खाली दाखवत असेल तर रंग कितीही ताजा दिसो, ते कूलंट इंजिनाचं रक्षण करायचं थांबलं आहे. रंगावर भरवसा ठेवू नये हे इथेच सांगायला हवं. हिरवा, निळा, गुलाबी, नारिंगी हे रंग उत्पादक आपल्या मर्जीनं घालतात आणि रंग म्हणजे रसायन नव्हे. जुन्या पद्धतीची सिलिकेटयुक्त कूलंट साधारण दोन वर्षांत किंवा चाळीसएक हजार किलोमीटरमध्ये बदलायची असतात. सेंद्रिय आम्लांवर आधारलेली नवी कूलंट पाच वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतात. दोन जाती एकमेकांत मिसळल्या तर आयुष्य घटतं, आणि काही वेळा गाळ किंवा जेलीसारखा साका धरतो. म्हणून दुकानात रंग सांगून कूलंट मागू नये. गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला प्रकार सांगावा आणि बाटलीवर आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यांपैकी एखाद्या मानकाचा उल्लेख आहे का, ते वाचावं.

यावर कोणी म्हणेल, माझ्या गाडीला कंपनीनं दीर्घायुषी कूलंट दिलं आहे, पहिला बदल दीड लाख किलोमीटरनंतर सांगितला आहे, मग मी घाई का करू? करू नये. उत्पादकाची मुदत हीच खरी मुदत. पण ती मुदत कारखान्यात भरलेल्या द्रवाची असते. मध्येच कुणी बाटलीत नळाचं पाणी घातलं, गळतीमुळे दोन-तीनदा वेगळ्याच रंगाचं कूलंट पडलं, किंवा जुनी गाडी घेतली आणि आत काय आहे याची नोंदच नाही, तर ती मुदत तिथेच संपली असं धरावं. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यानं तर इंजिन ऑइलबरोबर कूलंटही बदलून टाकावं आणि नव्या तारखेपासून हिशेब सुरू करावा.

आपल्याकडच्या पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. देहरंगसारख्या धरणात साठलेलं पावसाचं पाणी तुलनेनं मऊ असतं, पण ते आपल्यापर्यंत येतं क्लोरीन घालून. बोअरवेलच्या पाण्यात खडकातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि खाडीच्या बाजूला क्लोराइड मिसळण्याचीही शक्यता असते. उन्हाळ्यात टँकरमधून आलेलं पाणी नेमकं कुठलं, हे सोसायटीच्या सचिवालाही सांगता येत नाही. हे क्षार गीझरच्या कॉइलवर जे करतात तेच इंजिनाच्या आतल्या वाटांत करतात. पांढरा थर धातूपेक्षा उष्णता फारच कमी वाहतो, आणि क्लोराइड अॅल्युमिनियममध्ये टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. घरच्या फिल्टरचं आरओ पाणीही इथे चालत नाही, कारण पिण्यासाठी त्यात काही क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड किंवा डीएम वॉटर आणावं. ते स्वस्त असतं आणि या सगळ्या कामात काटकसर करायची असेल तर ती निदान पाण्यात करू नये.

प्रत्यक्ष कामाला लागण्याआधी एक निदान हवं. ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या रंगाचा फेस, एक्झॉस्टमधून न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, कूलंटमध्ये तेलाचे तवंग, किंवा इंजिन चालू असताना बाटलीत सतत येणारे बुडबुडे यांपैकी काही दिसलं तर प्रश्न हेड गॅस्केटचा असू शकतो. तिथे कूलंट बदलून काही साधत नाही, गाडी मेकॅनिककडे न्यावी. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांनाही घरी हात लावू नये. त्यांच्यातली बॅटरी थंड ठेवणारी मंडलं वेगळी असतात आणि काहींना कमी विद्युतवाहक असं खास कूलंट लागतं. काही टर्बो गाड्यांत हवा काढण्यासाठी निर्वात यंत्र किंवा स्कॅनर लागतो. पुस्तिकेत तसं म्हटलं असेल तर तिथेच थांबावं.

बाकी साध्या पेट्रोल किंवा डिझेल गाडीचं काम सकाळी, रात्रभर गार झालेल्या इंजिनावर, सपाट जागेत आणि मोकळ्या हवेत करावं. तापलेल्या इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच शंभर अंशांवरचा द्रव क्षणात वाफ होऊन तोंडावर येतो, आणि या कामातली गंभीर इजा बहुतेक अशीच होते. हँडब्रेक ओढून चाकांना दगड किंवा लाकडी ओंडके लावावेत. रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही आपोआप फिरतो, म्हणून हात आत घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. रुंद, स्वच्छ टब खाली ठेवावा. रेडिएटरच्या तळाला एका बाजूला प्लास्टिकचा निचरा-नळ असेल तर तो हलक्या हातानं सैल करावा. बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांत तो नसतो, मग खालच्या जाड होस पाइपची स्प्रिंग-क्लिप पकडीनं मागे सरकवून पाइप सोडवावा. वरचं झाकण उघडलं की प्रवाह जोरात येतो, त्यामुळे टब आधीच नीट जागेवर हवा. निघालेला द्रव मोजावा. इथे बहुतेक लोक चुकतात.

चूक अशी होते. छोट्या पेट्रोल गाडीच्या संपूर्ण यंत्रणेत समजा पाच लिटर कूलंट मावतं. रेडिएटर रिकामा केला की त्यातलं तीन लिटर बाहेर येतं. उरलेलं दोन लिटर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये अडकून राहतं. जुनं नीट काढायचं म्हणून आपण डीएम वॉटर भरतो, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवतो, गार करतो, पुन्हा काढतो, आणि निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच करतो. आता आत अडकलेलं दोन लिटर हे निव्वळ पाणी आहे. अशा वेळी दुकानातून आणलेलं तयार, निम्मं-निम्मं मिश्रण तीन लिटर ओतलं, तर पाच लिटरात ग्लायकॉल पडतं दीड लिटर, म्हणजे फक्त तीस टक्के, आणि गंजरोधक द्रव्यंही त्याच प्रमाणात पातळ झालेली. माणूस नवं कूलंट भरल्याच्या समाधानात राहतो आणि इंजिन अर्धवट संरक्षणावर धावतं. यावर उपाय म्हणजे अशा धुलाईनंतर तयार मिश्रण न वापरता गाढं, म्हणजे पाणी न मिसळलेलं, कूलंट वापरणं. पाच लिटरच्या निम्मं, म्हणजे अडीच लिटर गाढं कूलंट आधी ओतावं आणि उरलेल्या जागेत अर्धा लिटर डीएम वॉटर घालावं. हिशेब पन्नास टक्क्यांवर बसतो. आपल्या हवेत चाळीस टक्केही चालतात, मात्र एक तृतीयांशाच्या खाली जाऊ नये. आणि जास्त ते चांगलं या समजुतीनं सत्तर-ऐंशी टक्केही करू नये, कारण ग्लायकॉल वाढलं की उष्णता वाहण्याची ताकद घटते. ज्यांना एवढी धुलाई करायची नाही, कूलंट मुदतीत आहे आणि निघालेला द्रव स्वच्छ आहे, त्यांनी नुसता रेडिएटर रिकामा करून त्याच प्रकारचं तयार मिश्रण भरलं तरी हरकत नाही. तीव्र रासायनिक फ्लश मात्र गाळ किंवा गंज दिसल्याशिवाय वापरू नये. आठ-दहा वर्षांच्या रेडिएटरमध्ये तो नेमका त्या गाळानं बुजवलेली छिद्रं मोकळी करू शकतो.

भरताना घाई करू नये. नरसाळ्यानं बारीक धारेत ओतावं, मध्येच वरचा होस पाइप हातानं दाबावा म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर त्यातून सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवावा. बॅटरीची तार जोडून इंजिन चालू करावं, हीटर गरमवर, पंखा मंद. वरचा पाइप अचानक गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला असं समजावं, पातळी खाली जाते तेव्हा भर घालावी, आणि रेडिएटरचा पंखा एक-दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू द्यावं. झाकण या काळात उघडं ठेवायचं की बंद, हे गाडीच्या रचनेवर ठरतं आणि पुस्तिकेत दिलेलं असतं. हीटरमधून गरम हवा येत नसेल तर आत हवेचा कप्पा अजून आहे. आपल्याकडे हीटर कुणी वापरत नाही, पण या दिवशी तो सर्वांत विश्वासू तपासनीस असतो. त्यानंतर दोन-तीन दिवस उरण, कर्जत अशा सपाट वाटेवर गाडी चालवावी, रोज सकाळी गार इंजिनावर पातळी पाहावी, आणि मगच घाटाला न्यावी. पुष्कळ नव्या गाड्यांत तापमानाचा काटा नसून फक्त लाल दिवा असतो. तो लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, म्हणून मोबाइलला जोडता येणारा छोटा ओबीडी स्कॅनर अशा वेळी फार उपयोगी पडतो.

थर्मोस्टॅट हा शब्द आला आहे तर आपल्या गॅरेजांमधल्या एका सवयीबद्दल बोलणं भाग आहे. गाडी तापते म्हटलं की काही मेकॅनिक थर्मोस्टॅटच काढून टाकतात आणि ‘आपल्याकडे त्याची गरज नाही’ असं सांगतात. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारी ही झडप इंजिनाला त्याच्या योग्य तापमानावर धरून ठेवते. ती नसेल तर सपाट रस्त्यावर इंजिन गारच राहतं, इंधन जास्त जळतं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही आणि झीज वाढते. शिवाय पुष्कळ इंजिनांत हीच झडप उघडताना आडवाट बंद करते. ती काढल्यावर गरम द्रवाचा काही भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतो आणि गाडी घाटात आधीपेक्षा जास्त तापते. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा बसवावा. तो महाग भाग नाही, आणि कूलंट काढलेलंच असताना तो बदलणं सर्वांत सोपं.

आता ती अट. टबातलं जुनं कूलंट हे विष आहे. एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतं, म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात. मांजराला दोन-तीन चमचे जिवावर बेतू शकतात, आणि लहान मुलालाही थोडं प्रमाण पुरतं. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. पोटात गेल्याची नुसती शंका असली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. म्हणून काम चालू असताना टब सोडून क्षणभरही जाऊ नये, सांडलेलं लाकडी भुशानं टिपून पाण्यानं धुण्याआधी उचलावं, आणि जुना द्रव पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये. घट्ट झाकणाच्या कॅनवर ठळक अक्षरांत नाव लिहावं.

सोसायटीच्या पार्किंगचा उतार गटाराकडे असतो. पावसाळी गटारं गाढी, काळुंद्री, कासाडी या नद्यांना मिळतात, आणि त्या कांदळवनातून पनवेलच्या खाडीला. ग्लायकॉल निसर्गात कुजतं हे खरं, पण कुजताना ते पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं, आणि वापरलेल्या कूलंटमध्ये इंजिनातून आलेले धातू असतात, ते कुजत नाहीत. २०१७च्या ऑगस्टमध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत अंगावर निळा रंग चढलेली भटकी कुत्री दिसली आणि ती छायाचित्रं जगभर पोचली. कासाडीत काय सोडलं जातं याची चर्चा तेव्हा कारखान्यांबद्दल झाली, ती रास्तच होती. पण चार-पाच लिटर विषारी द्रव गटारात ओतणारा गाडीमालक त्याच नदीत भर घालतो. ‘एवढ्याशानं काय होतं’ हा आक्षेप इथे टिकत नाही. महापालिकेच्या हद्दीत गाड्या लाखाच्या हिशेबात आहेत, आणि प्रत्येकाचं एवढंसं त्याच पाण्यात जातं.

तळोजा औद्योगिक वसाहतीतच घातक कचऱ्याच्या प्रक्रियेचं सामायिक केंद्र आहे, पण ते उद्योगांसाठी. घरगुती घातक कचऱ्यासाठी महापालिकांनी स्वतंत्र संकलन केंद्रं उभारावीत, असं २०१६च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं. आपल्या प्रभागात असं केंद्र कुठे आहे हे नगरसेवकाला आणि प्रभाग कार्यालयाला विचारत राहणं हा नागरिकाचा हक्क आहे. तोवर व्यवहार्य मार्ग एकच: वापरलेलं ऑइल आणि कूलंट अधिकृत संकलकाकडे देणारं सर्व्हिस सेंटर किंवा मोठं गॅरेज शोधावं आणि कॅन तिथे नेऊन द्यावा. ही विचारणा नवं कूलंट विकत घेण्याआधी करा. जुनं घेणारा कुणी मिळाला तर एका सुट्टीच्या सकाळी हे काम घरी निश्चिंतपणे करा आणि बदलाची तारीख व किलोमीटर बॉनेटच्या आत लिहून ठेवा. कुणीच मिळाला नाही, तर गाडी गॅरेजमध्ये न्या, पण गटाराचं झाकण उघडू नका.